हरलेल्याच्या घरचा चहा

निवडणूक जाहीर झाली की आबा लोकांच्या घरचा चहा सोडायचे. शेजाऱ्यांकडचा, व्याह्यांकडचा, सख्ख्या भावाकडचासुद्धा. कोणी फारच आग्रह केला तर कप हातात घ्यायचे, वास घ्यायचे आणि परत ठेवायचे. "आचारसंहिता शे," एवढंच म्हणायचे. सरकारी नोकरीत होते तोवर हे ठीक होतं. पण निवृत्तीला बरीच वर्षं झाल्यावर, धुळ्यात बाजार समितीचीही निवडणूक नसताना, एका पावसाळ्यात त्यांनी माझा आल्याचा चहा तसाच परत ठेवला, तेव्हा मी चिडलेच.

"आता कुठली निवडणूक काढली, आबा?"

"अमेरिकानी," ते म्हणाले. "आन् तुना घरवाला परवा चौकमां हत्तीना प्रचार करी ऱ्हायंता. मी आयकं. तुना घरना चहा माले चालाव नही."

हत्ती आणि गाढव या तिकडच्या दोन पक्षांच्या निशाण्या. माझा नवरा फोनवर आलेला कुठलासा व्हिडिओ पाहून दोन वाक्यं बोलला असेल, तेवढ्यात आमचं घर बाद झालं. मी हसले. आबा हसले नाहीत. चहाच्या बाबतीत ते कधीच हसत नसत.

मी धुळ्याला निवडणूक शाखेत नव्याने लागले तेव्हा आबा तिथे अव्वल कारकून होते. नरडाण्याजवळच्या खेड्यातला माणूस. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, साहेबांसमोर शुद्ध मराठी आणि साहेबांची पाठ वळली की अहिराणी. प्रत्येक निवडणुकीला परराज्यातून निरीक्षक यायचे, आणि त्यांची विश्रामगृहातली व्यवस्था, दौरे, कागदपत्रं हे सगळं आबांकडे असायचं. दक्षिणेकडचे एक निरीक्षक स्वतःचा थर्मास घेऊन फिरायचे. उमेदवाराच्या गावातलं पाणीही प्यायचे नाहीत. आबांच्या मनात तो थर्मास कायमचा बसला. "बाहेरना माणूसले खरं दिसस, ताई," ते मला सांगायचे. "त्याना आठे गावमां ना भाऊबंद, ना सोयरा, ना जात. म्हनीसन त्यानी नजर साफ."

पण आबांची खरी ओळख मला निकालाच्या दिवशी झाली. मतमोजणी आटोपली, गुलालाने रस्ते लाल झाले आणि आम्ही सगळे घरी पळायच्या गडबडीत होतो. आबा मला म्हणाले, "चाल, चहा पेवाले जाऊ." मला वाटलं समोरच्या टपरीवर. त्यांनी मला सोनगीरच्या बाजूला एका खेड्यात नेलं, निवडणूक हरलेल्या एका बाईंच्या घरी. दारात रिकामा मांडव होता, भाड्याच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या होत्या. आदल्या दिवसापर्यंत तिथे चुलीवरून चहाचं पातेलं उतरत नव्हतं. आता ओट्यावर त्या बाई एकट्याच बसल्या होत्या.

"चहा व्हई का, बहीन?" आबांनी विचारलं.

बाईंनी आधी आमच्यासाठी दोन खुर्च्या सोडवल्या. मग म्हणाल्या, "सकायपाईन कोनी उनं नही, आबा," सकाळपासून एकही माणूस तिकडे फिरकला नव्हता. मग पदर तोंडाला लावून आत गेल्या. चहा आला. आबा मतांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. हळहळले नाहीत, धीर दिला नाही. कप पूर्ण रिकामा केला आणि उठले. गाडीत मी विचारलं तेव्हा म्हणाले, "निकाल लागना, आचारसंहिता उठनी. आते सगळासना घर चहा पेवाले मोकळा. पन पहिले हारेलना घर जावानं. जिकेलकडे गर्दी ऱ्हास, तठे आपली काय गरज?" आणि थोड्या वेळाने, "हारेलना घर कप अर्धा सोडाना नही. त्याले वाटस, आपला चहाभी कोनले नको."

हे ते प्रत्येक निवडणुकीनंतर करत. घरी मात्र सांगत नसत. हरलेल्या माणसाची गोष्ट चारचौघांत करू नये असं त्यांचं मत होतं. त्यामुळे निकालाच्या रात्री आबा उशिरा का येतात हे अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, आणि नितीनला, त्यांच्या एकुलत्या एक मुलाला, कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. पुढचं सगळं त्या न कळण्यातून झालं.

नितीन इंजिनियर होऊन अमेरिकेला गेला, तिथेच स्थिरावला. लग्न, घर, ग्रीन कार्ड; मत देण्याचा हक्क मात्र अजून नव्हता. आबांनी निवृत्तीनंतर दोन-तीन उद्योग करून पाहिले, जमले नाहीत. मग तिकडची निवडणूक आली आणि त्यांना एकदम काम सापडलं. मुलगा ज्या देशात राहतो तिथली निवडणूक, आणि आपण त्या देशाच्या बाहेरचे. म्हणजे आपणच निरीक्षक! त्यांनी मराठीत ब्लॉग सुरू केला. नाव 'दुरून निरीक्षण'. एका बोटाने फोनवर टाइप करायचे, आणि भाषा अशी की खाली सही-शिक्का राहिला असं वाटावं. "उपरोक्त सभेत उमेदवाराने प्रतिस्पर्ध्याच्या कुटुंबाबाबत उद्गार काढले. सबब आचारसंहितेचा भंग दिसतो."

तिकडे आपल्यासारखी आचारसंहिताच नाही हे कळल्यावर ते दोन दिवस अस्वस्थ होते. बोटाला शाई नाही याचाही धक्का बसला. मतं जास्त मिळूनही माणूस हरू शकतो हे त्यांनी मला तीनदा विचारून घेतलं आणि अखेर, "म्हंजे सरपंच लोकसनी थेट निवडेल नही, सदस्यसनी निवडेल," असं म्हणून मिटवलं. गाढवाची निशाणी कोणी आपण होऊन घेतली असेल यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. आमच्याकडे एका उमेदवाराला बादली मिळाली होती तर तो कार्यालयात रडला होता.

बाहेरून बघणारे आणखीही कोणकोण त्यांनी शोधून काढले होते. केनियातले एक निवृत्त मास्तर, आयर्लंडमधल्या पोस्टात काम केलेल्या एक बाई. फोन भाषांतर करून द्यायचा, आबा मन लावून वाचायचे. "ह्या बठ्ठा मना सहनिरीक्षक," असं मला अभिमानाने दाखवायचे. मास्तर फक्त मतदानाच्या रांगेबद्दल लिहायचे, बाईंना उमेदवार देवाचं नाव किती घेतात याचीच काळजी. परका माणूस दुसऱ्याच्या घरात गेला तरी आधी आपल्या घरात जे दुखतं तेच शोधतो, हे मला ते वाचून कळलं. आबांना नाही कळलं. त्यांची खात्री होती की आपण सगळे तटस्थ आहोत.

याच्या उलट होते ते झेंडेवाले. एका बाजूचं लिहिणाऱ्या ब्लॉगवाल्यांना आबांनी दिलेलं हे नाव. आपला उमेदवार पायरीवर अडखळला तर दोष पायरीचा, समोरचा अडखळला तर देश बुडाला. आणि या झेंडेवाल्यांत नितीन होता. दिवसभर नोकरी करून तो इंग्रजीत आणि मराठीत असं तडाखेबंद लिहायचा की वाचताना मान डोलावी. कोणत्या बाजूचं ते मी इथे सांगत नाही. आबांना ते आवडलं नसतं. "लिखस चांगला," ते म्हणायचे. "पन बाजू भलती लेस." रविवारी सकाळी फोन यायचा. तिकडून नितीन म्हणायचा, "काय निरीक्षक साहेब?" इकडून आबा, "बोला झेंडेवाले." अक्का म्हणायच्या की त्या अर्ध्या तासात आबांचा आवाज तरुण होतो. मी ऐकलेला आहे तो आवाज. खरंच व्हायचा.

मतदान जवळ आलं तेव्हा नितीनने घराचा फोटो पाठवला. झाडांची पानं पिवळी, दारात प्लास्टिकच्या टपात तुळस, आणि तुळशीशेजारी गवतात रोवलेला उमेदवाराच्या नावाचा फलक. अक्कांनी तुळस पाहिली. "चांगली लागनी वं माय," म्हणून फोटोवरून बोट फिरवलं. आबांनी फलक पाहिला. आणि संध्याकाळी ब्लॉगवर लिहिलं: "एका घरासमोर, तुळशीच्या रोपालगत, प्रचाराचा फलक आढळून आला. सदर घरमालक तेथील मतदार नाहीत. मतदार नसलेल्या प्रचारकाने प्रचार संपताच मतदारसंघ सोडावा, हे उचित."

आमच्या शाखेतल्या कोणालाही हे वाक्य पाठ असतं. प्रचाराची मुदत संपली की बाहेरगावाहून आलेले पुढारी, कार्यकर्ते यांनी मतदारसंघाबाहेर जायचं, असा आपला नियम आहे. लॉजेसची तपासणी होते, गाड्या परत पाठवतात. आबांनी आयुष्यभर ते वाक्य पत्रकांवर लिहिलं होतं. त्यात राग नव्हता, उलट थोडी ऐट होती, की बघा, मी माझ्या मुलालाही सोडत नाही. मला ते वाचून गंमतच वाटली. नितीनलाही वाटेल असं वाटलं.

नितीनच्याच गावात, म्हणजे अमेरिकेतल्या त्या गावात, रावेरकडच्या केळीवाल्यांचा एक मुलगा राहायचा. तोही झेंडेवाला, पण समोरच्या बाजूचा. एरवी दोघं एकाच गणपतीला जायचे, एकमेकांच्या घरी भरीत खायचे. प्रचारात मात्र एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. त्याने ती तुळस ओळखली. आबांचं वाक्य इंग्रजीत केलं, आणि करताना 'मतदारसंघा'चा 'देश' केला. स्वतःचा बापच म्हणतो, देश सोडून जा. एवढंच लिहून टाकून दिलं. मग ते त्याच्याही हातात राहिलं नाही. ज्यांना मराठीचं अक्षर माहीत नव्हतं त्यांनी ते उचललं. नितीनच्या दारातला फलक कोणीतरी उपटला. ते एक वेळ चाललं असतं. पण शेजारच्या म्हाताऱ्याने कुंपणापलीकडून सहज विचारलं, तुझे वडील खरंच तसं म्हणाले का?

त्या दिवशी रविवार नव्हता, तरी फोन आला. अक्का तिथेच होत्या, त्यांनीच मला सांगितलं. नितीन आधी ओरडला, मग त्याचा आवाज बसला. म्हणाला, "इथे येता-जाता कोणीही मला परत जा म्हणतं, आबा. ते मी ऐकून घेतो. तुम्ही पण? तुम्ही माझे वडील आहात की निरीक्षक?"

आणि आबा म्हणाले, "निकाल लागेपर्यंत निरीक्षक."

त्यांना वाटलं हे उत्तर बरोबर आहे. नियमाने बरोबर होतंही. तिकडून फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी आबांनी, कार्यालयात चूक झाल्यावर जे करतात, तेच केलं. शुद्धिपत्रक काढलं. "दिनांक अमुकच्या लेखातील 'मतदारसंघ' हा शब्द 'देश' असा वाचण्यात येऊ नये." अक्का माझ्यासमोरच त्यांच्यावर कडाडल्या. "पोराले शुद्धिपत्रक देतस का कोनी? फोन करा त्याले! म्हना, भाऊ, चुकनं!" आबा खिडकीकडे बघत राहिले. म्हणाले, "आते त्याले फोन करा तं एक बाजूले जाई बसनू आसं व्हई. निकाल लागू दे. मंग मी सोता जास त्याना घर."

मला तेव्हा त्यांचा राग आला. आजही येतो. माणसाने आयुष्यभर एक गोष्ट नीट सांभाळावी आणि तीच नको तिथे आडवी यावी, याचा राग कोणावर काढायचा? वाईट म्हणजे त्याच सुमारास त्यांना जिना चढताना दम लागायला लागला होता. मीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. हृदय थकलं आहे, जपा, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आबा, निदान हे तरी नितीनला कळवू या." त्यांनी मान हलवली. "प्रचार चालू शे, ताई. आते आजारपन सांगनं म्हंजे प्रलोभन." मी त्यांच्याकडे पाहिलं, की निदान डोळ्यांत तरी थट्टा असेल. नव्हती. डोळे भरलेले होते.

आपल्याकडे सकाळ असताना तिकडचा निकाल आला. मी रजा टाकून त्यांच्याकडेच बसले होते. नितीनची बाजू हरली. आबांनी टीव्ही बंद केला, दाढी केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, खिशाला दोन पेनं लावली. "अक्का, चहा ठेव," म्हणाले. अक्कांनी चहा आणला. आबांनी फोन टेबलावर डब्याला टेकवून उभा केला, समोर कप ठेवला, केस सारखे केले आणि नितीनला व्हिडिओ कॉल लावला. मला एकटीलाच कळत होतं की ते कुठे निघाले आहेत. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिली. चहावर साय धरली. अक्कांनी तो गरम करून आणला, पुन्हा साय धरली.

शेवटी आबांनी एका बोटाने लिहिलं, "चहा प्यायला आलो आहे. दार उघड."

बराच वेळ उत्तर नाही. मग आलं. "मजा आहे तुमची, आबा. प्या चहा. मला पुन्हा फोन करू नका."

आपल्याकडे जिंकणारा हरणाऱ्याला चिडवतो, चला आता चहा पाजा. नितीनने तेच वाचलं. तो हरला होता, त्या देशात त्याला आता आणखी परकं वाटत होतं, आणि बाप समोर कप ठेवून बसला होता. मी म्हटलं, "आबा, मी सांगते त्याला काय ते." त्यांनी हात वर केला. "नको. हारेल मानूसले लगेच समजावानं नही. बसू दे त्याले. दोन-चार दिनमां राग जाई." मग गार झालेला चहा त्यांनी सगळा प्यायला, तळाच्या पत्तीसकट, आणि कप पालथा घालून ठेवला.

त्यानंतर ते रोज सकाळी पांढरा शर्ट घालून फोनसमोर बसायचे. फोन लावायचे नाहीत. लावू नका असं त्याने सांगितलं होतं ना. नुसते बसायचे. अक्कांनी त्यांना न विचारता नितीनला फोन केला, त्याने आईशी दोन शब्द नीट बोलून ठेवला. आबांच्या तब्येतीचं अक्का बोलणारच होत्या, पण आबांनी समोरून हाताने नको-नको केलं. चंपाषष्ठीच्या सकाळी अक्का नैवेद्याची वांगी भाजत होत्या. आतून कप पडल्याचा आवाज आला. त्या गेल्या तेव्हा आबा खुर्चीतच होते. शर्ट इस्त्रीचा होता.

नितीन पोचला तोवर सगळं उरकलेलं होतं. अग्नी पुतण्याने दिला. गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे सुतक संपेपर्यंत, दारावर येणाऱ्यांची रीघ होती, त्यात सोनगीरकडच्या त्या बाईही येऊन गेल्या. हरलेली कितीतरी माणसं आली. नितीनला कळेना की एका कारकुनासाठी एवढे पडलेले उमेदवार का येतात. रावेरच्या त्या मुलाचाही फोन आला होता म्हणे. नितीनने घेतला, आणि बऱ्याच वेळाने ठेवला.

पाहुणे पांगल्यावर, नितीनच्या परतीच्या आदल्या दुपारी मी गेले. तो आबांच्या खुर्चीत बसला होता, हातात स्वतःचा फोन. मला तो संदेश दाखवला. "चहा प्यायला आलो आहे. दार उघड." म्हणाला, "ताई, ते असे नव्हते. कोणाला असं टोचून बोलले नाहीत कधी. मग मलाच का लिहिलं असेल?"

मी सांगितलं. तो मांडव, त्या खुर्च्या, ती बाई, आणि दर निकालानंतर आबा उशिरा का यायचे ते. त्यांचं हृदय थकलं होतं आणि ते त्यांनी का लपवलं तेही सांगितलं. सांगू नये असं एकदा वाटलं. पण आचारसंहिता उठलेली होती. नितीन ऐकत होता. मधेच त्याने फोन पालथा ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले. कोणी कोणाला गप्प केलं नाही.

मग मी म्हटलं, "नितीन, मी चहा प्यायला आले आहे."

अक्का उठायला लागल्या. मी त्यांचा हात धरून ठेवला. नितीन उठला, आत गेला. भांडी वाजली, काडेपेटी सापडेना, कोणता डबा कशाचा ते कळेना. आईला विचारलं नाही. बऱ्याच वेळाने तीन कप घेऊन बाहेर आला आणि खाली, आमच्यासमोर बसला.

"हरलेल्यांकडे जाऊन आबा काय बोलायचे, ताई?"

"काही नाही. चहा प्यायचे आणि उठायचे."

"मग तुम्हीही काही बोलू नका."

चहात साखर टाकायची तो विसरला होता. मी कप पूर्ण रिकामा केला.